पातेल्याकडे पाठ करून

तुम्ही कुणाला काही देता, तेव्हा तुमचं तोंड कुणीकडे असतं?

घेणाऱ्याच्या हाताकडे? त्याच्या डोळ्यांकडे, त्यात उपकाराची जाणीव दिसते का ते बघायला? की फोटोवाल्याकडे? लगेच उत्तर देऊ नका. मला आधी माझ्या आजीशी बोलायचं आहे. मागच्या बुधवारी आम्ही तिला अंबरनाथच्या दफनभूमीत ठेवून आलो. तिचं नाव मार्थाबाई. मोरिवलीच्या चाळीत राहायची, येशूवर विश्वास ठेवायची, आणि वरच्या प्रश्नाचं उत्तर तिला माहीत होतं. तुम्ही बसा, ऐका. शेवटी तुमच्याकडे काम आहे.

आजी,

तुला मातीत ठेवून आम्ही घरी आलो तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेलं होतं आणि सकाळपासून कुणी काही खाल्लं नव्हतं. आईनं भात टाकायला घेतला. तांदूळ ताटात ओतले आणि तिचा हात थांबला. फडताळात तुझा पिवळा डबा होता, वनस्पती तुपाचा, कडेला गंज चढलेला. रोज भात टाकण्याआधी तू एक मूठ तांदूळ काढून त्या डब्यात टाकायचीस. मूठ भरून, चिमूट नाही. डोळे मिटायचीस, ओठ हलायचे, आणि मग उरलेले तांदूळ धुवायला घ्यायचीस. आईला ते कधी करावंच लागलं नाही, कारण तू होतीस. आता ती ताट मांडीवर घेऊन खाली बसली आणि तिला पुढचं काही सुचेना.

मग पप्पा उठले. तुझा शमुवेल. तरुणपणी युनियनमध्ये गेला आणि त्यानंतर लग्नं-मयतं सोडून चर्चची पायरी चढला नाही, तो तुझा लेक. त्यांनी ताटातून मूठ भरली आणि डब्यात टाकली. डोळे मिटले नाहीत. "पाणी ठेव," एवढंच आईला म्हणाले. रिकाम्या डब्याच्या तळाशी तांदूळ पडल्याचा खळ्ळकन आवाज झाला, आणि तेव्हा मला कळलं की तू गेलीस. दफनभूमीत कळलं नव्हतं. तिथं गायन चाललं होतं, लोक होते, फुलं होती. तुझ्या जाण्याचा आवाज तो नव्हता. हा होता.

मी वाचायला शिकले ती दोन कागदांवर. सकाळी तुझं शास्त्र, म्हणजे बायबल, संध्याकाळी पप्पांची पत्रकं. पप्पा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात फिटर होते आणि युनियनची पत्रकं तेच लिहायचे. आपल्या खाटेखाली सायक्लोस्टाइलचं यंत्र असायचं आणि त्याच्या शाईचा वास गोधड्यांना यायचा. तू माझं बोट धरून ओळीखालून फिरवायचीस आणि थांबायचीस, 'परमेश्वर'. पप्पा तेच बोट धरून फिरवायचे आणि थांबायचे, 'पिळवणूक'. जोडाक्षरं मी तुझ्याकडून शिकले, उद्गारचिन्हं त्यांच्याकडून.

प्रार्थना करताना तुझी भाषा पुस्तकातली व्हायची. "हे स्वर्गीय पित्या, आम्ही तुझी लेकरे तुझ्या चरणांजवळ येतो." आमेन म्हटलं की दुसऱ्या श्वासाला नगरची. "मुडद्या, दूध उतू चाललंय, बघत काय उभा राहिलास!"

पप्पा चिडवायचे, "आई, तुझ्या देवाला साधी मराठी कळत नाही का?"

"कळती की. पर त्याच्याफुडं तुला शिव्या कशा देऊ?"

मी तिसरीत होते तेव्हा पप्पांच्या कारखान्याला टाळं लागलं. मालकानं मागण्यांवर बोलायचं सोडून गेटच बंद केलं. लोकांना वाटलं, आठवड्यात उघडेल. मग गणपती गेले, दसरा गेला. चाळीत एकेका दारातून स्वयंपाकाचा वास यायचा बंद झाला. पलीकडच्या खोलीतली यशोदाकाकू मोरिवली गावचीच, आगरी. तिचा नवरा पप्पांच्याच खात्यात होता. तिच्याकडून आधी कालवणाचा वास यायचा थांबला, मग भाताचाही.

आपल्या चर्चच्या मंडळीत तेव्हा बाया आठवडाभराच्या मुठी रविवारी पिशवीतून आणायच्या आणि वेदीसमोरच्या पातेल्यात ओतायच्या. तो तांदूळ पाळकसाहेबांच्या घरी जायचा. त्यांची चूल त्याच्यावरच चालायची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. अशाच एका रविवारी भक्ती संपली, आशीर्वाद झाला, लोक चपला शोधायला लागले, आणि तू पुढे जाऊन पातेल्यापाशी उभी राहिलीस.

"पाळकसाहेब, ह्यो तांदूळ आता गेटवर जाऊ द्या."

"कुठल्या गेटवर, मार्थाबाई?"

"कारखान्याच्या. टाळं लागलंय तिथं."

पाळकसाहेब भला माणूस. पण त्यांच्याही घरात खाणारी तोंडं होती. ते हळूच म्हणाले, "आणि आमच्या चुलीचं काय?"

"तुमी आमच्याकडं जेवा. रोज एकेका घरी. मेंढपाळानं मेंढरांकडं जायाचं आसतं ना? का मेंढरांनीच यायाचं?"

बाया हसल्या. पाळकीणबाई सगळ्यांत मोठ्यानं हसल्या. म्हणाल्या, "जाऊ द्या हो. मला तेवढीच रांधण्यातून सुटका."

पंचांपैकी एकानं घसा खाकरून विचारलं, "पण तिथले सगळे ख्रिस्ती आहेत का?"

"भुकेले हायेत," तू म्हणालीस. "भुकेचा बाप्तिस्मा कुणी केलाय का अजून?"

वेदीसमोरचं पातेलं मात्र बाहेर नेता येणार नाही असं ठरलं. तेव्हा तू मला घेऊन उल्हासनगरला भांड्यांच्या दुकानात गेलीस. दुकानदार सिंधी, फाळणीत निर्वासित होऊन आलेला, पांढऱ्या मिशांचा. तू हात पसरून माप दाखवलंस तसा तो म्हणाला, "अम्मा, इतना बडा? घर में शादी है?"

"शादी नाय. कंपनीला टाळा है." तुझी हिंदी तेवढीच.

तो म्हणाला, "हम भी खडे थे, अम्मा, इधर कँप में. थाली लेके लाइन में. सब लोग देखते थे." त्यानं जर्मलचं मोठं पातेलं काढलं, फडक्यानं पुसलं आणि वर झाकण ठेवलं. "ढक्कन मेरी तरफ से."

तू झाकण काढून त्याला परत दिलंस. "झाकन नको. झाकन उघडायचं म्हंजी मानूस आधी चार बाजूला बघतो."

त्याला मराठी किती कळलं कोण जाणे. पण त्यानं मान हलवली, आणि पैसे घेताना तुझ्याकडे बघितलं नाही.

युनियनचे लोक बिथरले. पप्पा गेटसभेहून घरी आले ते संतापूनच. तू तांदूळ निवडत बसली होतीस. पप्पा म्हणाले, "आई, हे राहू दे. लोक काय म्हणतात माहीत आहे? आज तांदूळ देतील, उद्या येशू आणतील. टाळेबंदीतले कामगार तांदळासाठी बाटले, असं व्हायचं."

तुझा हात सुपातच थांबला. 'बाटले'. तो शब्द तुला लहानपणापासून ओळखत होता.

त्या दुपारी तू पप्पांना जे सांगितलंस ते मी खाटेवरून ऐकलं. नगरकडच्या तुझ्या गावात तुझे आईवडील महारवाड्यातून ख्रिस्ती झाले, तेव्हा अख्खा गाव म्हणाला, ज्वारीच्या पोत्यासाठी झाले. तुझ्या आईनं ते इतकं मनाला लावून घेतलं की मिशनच्या दारातून एक दाणा आणला नाही. ती सरवा वेचायला जायची. कापणी झालेल्या शेतात गळून राहिलेली कणसं म्हणजे सरवा. ती ज्याची भूक त्याची. पण शेतमालक बांधावर उभे राहायचे, कमरेवर हात ठेवून, या बायका राशीतलं तर उचलत नाहीत ना ते बघत. तुझी आई मान वर न करता वेचायची आणि तू तिच्या मागं.

"एकच म्हातारा व्हता," तू म्हणालीस. "आमी मायलेकी त्याच्या रानात शिरलो की त्यो बांधावर पाठ करून बसायचा. चिलीम वढत. आमी निघून जाईस्तवर वळायचा न्हाय. त्याच्या रानात माझी आई गानी म्हनत वेचायची रं, शमुवेल. फकस्त त्याच्याच रानात."

"ख्रिस्ती होता?" पप्पांनी विचारलं.

"न्हाय. त्याला कुनीतरी शानपन दिलं व्हतं, एवढंच."

दुसऱ्या दिवशी तू कारखान्याच्या गेटसमोर चिंचेखाली पातेलं ठेवलंस. खाली गोणपाट अंथरलंस आणि पातेल्याकडे पाठ करून बसलीस. तोंड कारखान्याच्या भिंतीकडे. गायन नाही, उघड प्रार्थना नाही, शास्त्र पिशवीत बंद. दिवसभर कुणी जवळ आलं नाही. लोक लांबून बघत राहिले आणि संध्याकाळी पप्पांना भरलेलं पातेलं डोक्यावर घेऊन घरी यावं लागलं. वाटेत तू म्हणालीस, "पहिल्या दिशी माझी आई बी शेतात शिरली नव्हती."

नंतरच्या एका सकाळी तुझ्या पाठीमागं बांगड्या वाजल्या. यशोदाकाकू.

"काय गो मार्थाबाय, मान अकरली काय तुजी? वलून बघ तरी."

"न्हाय बघत. घे तू."

"बघ हां, मी जास्ती नेतंय."

"ने."

"सगला नेतंय बघ!"

"ने गं बये, पर मागं उभी राहून बडबड करू नको. आत्ताच डोळा लागला व्हता."

गेटवरची सगळी माणसं हसली. कित्येक दिवसांत तिथं हसू ऐकू आलं नव्हतं. त्या दिवसापासून लोक यायला लागले.

आणि मग ते घडलं, ज्याचा अर्थ पप्पा मला अजून समजावून सांगू शकलेले नाहीत. कधीकधी संध्याकाळी पातेल्यात सकाळपेक्षा जास्त तांदूळ असायचा. तू बघत नव्हतीस, म्हणून कोण नेतं ते कळत नव्हतं; आणि म्हणूनच कोण टाकतं तेही कळत नव्हतं. एकदा त्यात हातसडीचा, लालसर, नव्या पिकाचा तांदूळ निघाला. मंडळीतल्या कुठल्याच घरात तसला तांदूळ नव्हता. बेलवलीकडच्या कुणा शेतकऱ्यानं येऊन गुपचूप ओतला असणार. तू तो हातात घेऊन हुंगलास आणि डोळे पुसलेस. पाळकसाहेबही ठरल्याप्रमाणे घराघरांत जेवत होते, आणि एक दिवस यशोदाकाकूनं हट्टानं त्यांना आपल्याकडे बसवलं. सुकटीची चटणी वाढली आणि म्हणाली, "लाजू नका साहेब. तांदूल तुमचाच हाय."

पप्पांनी एकदा गेटवरच तुला विचारलं होतं, सगळ्यांच्या देखत, अर्धं चिडवायला आणि अर्धं खरंच. "आई, खरं सांग. तुझा देव गेटच्या आत का बाहेर?"

"भायेर," तू भिंतीकडे बघतच म्हणालीस. "आत जायाला त्याच्याकडं पास न्हाय."

पप्पांच्या पुढच्या पत्रकात ते वाक्य होतं. खाली नाव नव्हतं.

मी इथं विजयाचं वर्णन लिहावं अशी माझी फार इच्छा आहे, पण तू खोटं खपवून घ्यायची नाहीस. गेट उघडलं. निम्मे लोक आत गेले, निम्मे बाहेर राहिले. पत्रकं लिहिणाऱ्या माणसाला कोण आत घेणार? पप्पा उल्हासनगरच्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये लागले आणि वाकून वाकून त्यांची पाठ गेली. पातेलं घरी आलं. आई त्यात पाणी भरून ठेवायला लागली.

आणि मी मोठी झाले, कॉलेजात गेले, आणि तुझ्याशी भांडायला लागले.

माझं पहिलं पत्रक मी तुलाच वाचून दाखवलं होतं. त्यात एक वाक्य होतं, 'दान म्हणजे अन्यायावर चढवलेला मुलामा!' तू चष्मा काढलास.

"मुलामा म्हंजी?"

"वरून सोन्याचं पाणी. आत पितळ."

"आसं व्हय." तू विचार केलास. "मंग माझी मूठ काय, पितळ?"

"आजी, मूठभर तांदळानं टाळं उघडत नाही."

"न्हाय उघडत."

"उलट मालकाची सोय होते. लोक जेवतात आणि गप्प बसतात."

"तुझा बाप जेवून गप्प बसला व्हता का?"

"तो मुद्दा नाही. लोकांना दया नको, हक्क पाहिजे."

"तू हक्क आन की. मी कुठं आडवी आले? पर हक्क येईस्तवर त्यांनी काय तुझं पत्रक खावं?" आणि कागद परत देताना म्हणालीस, "सुवार्ते, लई वरडून लिहिती तू. ती दांडी-टिंबं कमी कर. वाचनाऱ्याला दम लागतो."

हे भांडण आपण वर्षानुवर्षं चालवलं. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना, तुझ्या पायाला तेल लावताना. तू हरली नाहीस आणि मीही हरले नाही. मी आजही म्हणते, आजी, की मूठ कधी हक्काची जागा घेऊ शकत नाही. ज्यानं टाळं लावलं त्याला जाब विचारल्याशिवाय जो तांदूळ वाटतो तो टाळ्याला तेल घालतो. हे मी तुझ्या मातीवर उभी राहूनही म्हणेन. पण तुझ्या पाठीला माझ्याकडे उत्तर नाही. माझ्या सगळ्या पत्रकांचं तोंड लोकांकडे आहे, बोट रोखलेलं. तुझ्यासारखं पाठ करून बसायला मला कुठल्याच पत्रकानं शिकवलं नाही.

एक गोष्ट मात्र आपण कधीच बोललो नाही. दर नाताळच्या भक्तीला तू बाकावर आपल्या शेजारी तुझी शाल ठेवायचीस, माझ्यासाठी जागा धरून. मी यायचे नाही. मी देव मानत नाही हे तुला ठाऊक होतं. घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तू परत यायचीस, शालीची घडी करायचीस आणि माझ्यापुढे करंज्यांची ताटली सरकवायचीस. 'का आली नाहीस' असं एकदाही विचारलं नाहीस. मला वाटायचं, तुला फरक पडत नाही. आता तुझी ती शाल खुंटीवर आहे, आणि मी तिच्याकडे बघत हा प्रश्न विचारते आहे. माझ्या अविश्वासाकडेही तू पाठ करून बसली होतीस का? मला माझ्या मनानं, मान वर करून येता यावं म्हणून? आणि मी येतच नाही म्हटल्यावर तू त्या भिंतीकडे तोंड करून काय बोलत होतीस? कुणाशी?

उत्तर नको. तू गेलीस.

गेल्या वर्षी तुझं विसरणं सुरू झालं. आधी नावं गेली, मग वार गेले. नवे तरुण पाळकसाहेब भेटायला आले तर तू त्यांना म्हणालीस, "शिलिंडर आनला का?" बिचारे हसून बसले. प्रार्थना तेवढी शाबूत राहिली, आणि मूठ. पण मुठीनं जागा सोडली. आपल्या ताटातल्या शिजलेल्या भाताची मूठ उचलून तू पिवळ्या डब्यात टाकायला लागलीस, कोरड्या तांदळावर. डब्यातून आंबूस वास यायला लागला, तांदळाला बुरशी चढली. आई पहिल्यांदा तुझ्यावर ओरडली, "अहो आई, अन्नाची नासाडी आहे ही!" तू लहान मुलीसारखी घाबरलीस. त्या दिवसानंतर आईनं डबा रिकामा केला आणि रोज संध्याकाळी घासून, पुसून जागेवर ठेवायला लागली. तुला सांगितलं नाही. तुला रोज डबा स्वच्छ मिळाला आणि तुला वाटत राहिलं, कुणीतरी नेलं.

मग ताप आला, तो उतरेना, आणि तुला उल्हासनगरच्या दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात ठेवलं. मी पोचले तर नर्स म्हणाली, "तुमची आजी जेवत नाही हो. ताट आलं की भातात हात घालते, कुस्करते, स्टुलावर सांडते आणि भिंतीकडे तोंड फिरवते. आता नळी घालावी लागेल बहुतेक."

जेवणाची वेळ झाली. मी ताट तुझ्यापुढे धरलं. तू भातात हात घातलास. बोटं मिटलीस. मूठ उचलून शेजारच्या स्टुलावर ठेवलीस, आणि भिंतीकडे वळलीस.

आजी, तू नको म्हणत नव्हतीस. तू पाठ केली होतीस. कुणीतरी येऊन नेईल म्हणून वाट बघत होतीस, आणि त्या दवाखान्यात ते कुणाला कळणार? तू वाट बघत उपाशी राहत होतीस.

पलीकडच्या खाटेवर बारवीकडच्या पाड्यावरची एक ठाकर बाई होती. तिच्यापाशी कुणी नव्हतं. ती हे सगळं बघत होती. मी तिच्याकडे बघितलं, मग स्टुलाकडे, आणि मग आपण बघू नये हे आठवून मान खाली घातली. थोड्या वेळानं खाट करकरली. मी मान वर केली तेव्हा स्टूल रिकामं होतं आणि ती बाई चावत होती.

"नेलं, आजी," मी म्हणाले.

भिंतीकडून तुझा आवाज आला, "नेलं?"

"नेलं."

'कोणी' असं तू विचारलं नाहीस. तू ते कधीच विचारलं नव्हतंस. तू वळलीस आणि पाखराच्या पिलासारखं तोंड उघडलंस. आणि जेवलीस.

मग रोज असंच. तू मूठ काढायचीस, वळायचीस. ती बाई न्यायची. मी सांगायचे, तू जेवायचीस. नळी लागली नाही. नंतर नंतर नर्सच तुझं ताट दोन खाटांच्या मध्ये ठेवायला लागली आणि ठेवून झालं की खिडकीकडे तोंड करून औषधं लावत बसायची.

शेवटच्या दुपारी मी घरून मऊ भात आणला होता. तुझी बोटं नीट मिटत नव्हती. मुठीत चार शितं आली असतील. ती तू स्टुलावर ठेवलीस आणि भिंतीकडे वळलीस. पण पलीकडची बाई सकाळीच बरी होऊन पाड्यावर गेली होती. तिच्या खाटेवर नुसती गादी होती. जवळपास कुणी नव्हतं. मग ती शितं मी उचलली आणि खाल्ली. जन्मभर तुझ्या हातचं खाल्लं आजी, पण त्या मुठीतलं कधी नव्हतं खाल्लं. ती कधी आपली नसायचीच.

"नेलं, आजी."

तू वळली नाहीस.

"आजी, नेलं."

तुझी पाठ माझ्याकडे होती. तीच पाठ, चिंचेखालची. मी पुन्हा म्हणाले, मोठ्यानं म्हणाले, आणि नर्सनं येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला.

तेव्हापासून मला एकच गोष्ट कळून घ्यायची आहे. मी पहिल्यांदा 'नेलं' म्हटलं, ते तुला ऐकू गेलं होतं का? की तू वाट बघतच गेलीस? तुझ्या मंडळीतले लोक मला सांगतात, ती प्रभूजवळ आहे, तिला सगळं कळतं. त्यांचं खरं असलं तर बरं होईल, आजी. हे मी लिहिते आहे, मी. तुझं म्हणणं खरं असू दे असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटतं आहे.

वाचकहो, आता तुमचं काम.

मोरिवलीतल्या आणखी एका गेटला टाळं लागलं आहे. तुम्ही रोज त्याच्यावरून जाता. जमिनीला बिल्डरांचा भाव आला, की यंत्रं आजारी पडतात आणि माणसं जास्त होतात; हे आम्ही पत्रकात सविस्तर लिहिलं आहे आणि येत्या रविवारी गेटवर वाटणार आहोत. ते घ्या, वाचा, मालकाला जाब विचारायला आमच्याबरोबर उभे राहा. तो आपला हक्क आहे आणि त्यावर मी तसूभरही मागे हटणार नाही.

पण त्याआधी, उद्या सकाळी भात टाकाल तेव्हा धुण्याआधी त्यातली एक मूठ बाजूला काढा. मूठ भरून, चिमूट नको. तुम्ही कुठल्या देवाचे आहात किंवा नाही आहात, ते मला सांगू नका. रोज काढा आणि रविवारी घेऊन या. जुनी चिंच अजून तिथंच आहे, या गेटपासून चार पावलांवर. तिच्याखाली जर्मलचं पातेलं असेल, बिनझाकणाचं. त्यात ओता. घरात नसेल तर त्यातून न्या. कुणी काय केलं ते कुणाला कळणार नाही.

आणि मला हाक मारू नका. मी भिंतीकडे तोंड करून बसलेली असेन.